हात आत आहे

तेरा दिवस मालवणजवळच्या तोंडवलीतल्या एका घरातला पंप बंद होता. बिघाड म्हणाल तर अगदीच किरकोळ. आतलं वायसर झिजलेलं, ते बदलून चार बोल्ट आवळले की दहा मिनिटांत पाणी. पण घरात सुतक, भेटायला येणाऱ्यांची रीघ, आणि पाणी मात्र दोरीने ओढायचं. जावई ओढून दमले, भाचे ओढून दमले, बायकांनी तर तिसऱ्याच दिवशी कुरकुर सुरू केली. कारण एवढंच, की पडवीतल्या बोर्डावर पंपाच्या खटक्याला तारेच्या आकड्याने एक लाल पत्र्याची पाटी अडकवलेली होती, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं होतं : हात आत आहे. गुरुदास.

गुरुदास म्हणजे या घराचे कर्ते. वय वर्षं चौऱ्याऐंशी. त्या सकाळी त्यांनी पंप उघडायला घेतला, उघडण्याआधी सवयीने पाटी लावली, बोल्ट काढून करवंटीत ठेवले, आणि चहा घेऊन येतो म्हणून पडवीतल्या खुर्चीवर टेकले ते टेकलेच. चहा तसाच निवला. त्यांची बायको, यशोदाबाई, कप न्यायला आल्या तेव्हा त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी धाकट्या जावयाने पाटी काढायला हात पुढे केला, तर यशोदाबाई स्वयंपाकघरातून हातातल्या डावासकट बाहेर आल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "जेणां लावल्यान, तेणांच काढूची."

आता याला कोण काय बोलणार? ज्यांनी लावली त्यांना आदल्याच दिवशी चार खांद्यांवरून नेलं होतं. म्हातारीच्या मनावर परिणाम झालाय, असं पाहुण्यांनी आपापसात ठरवून टाकलं. मग सगळ्यांनी मुलाकडे, गुरुप्रसादकडे बघितलं. साहजिकच होतं. गुरुप्रसाद पुण्याजवळच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. अशा पाट्या कधी लावायच्या आणि कधी काढायच्या हे शिकवणं हाच त्याचा धंदा. त्याने नुसतं, असू दे, आईच्या मनासारखं होऊ दे, म्हटलं आणि तो माडांच्या बाजूला निघून गेला. लोकांना वाटलं, काय समजूतदार मुलगा.

समजूतदार कसला! चोपन्न वर्षांचा हा गृहस्थ तेरा दिवस मागच्या दाराने ये-जा करत होता, कारण पुढच्या दाराने गेलं की ती पाटी समोर यायची.

गुरुदासांचं आयुष्य तसं सरळ, पण लांब. सतराव्या वर्षी घरात न सांगता नौदलात भरती झाले. लोणावळ्याला इंजिनाचं काम शिकले आणि मग एकोणीस वर्षं जहाजाच्या पोटात राहिले. समुद्रावर नोकरी केली म्हणजे समुद्र बघितला असेल असं लोकांना वाटतं. ते म्हणत, समुद्र बघायचा तर तोंडवलीतच ऱ्हवलंय असतंय, थंय फकत पाइप बघलंय. एकाहत्तरच्या लढाईचे दिवसही त्यांनी तळाशीच काढले. वर काय चाललंय ते खाली कळत नसे, वेग वाढवा म्हणून घंटा आली की वाढवायचा, एवढंच. गावच्या पोरांना लढाईची गोष्ट हवी असायची आणि हे त्यांना तेलाचा दाब किती होता ते सांगायचे. पोरं कंटाळून उठून जायची.

नौदलातून सुटल्यावर मुंबईत चांगली नोकरी मिळत होती. पण यशोदाबाईंनी लग्नापासून पोस्टमनची जेवढी वाट बघितली तेवढी पुरे झाली, म्हणून ते मालवणला आले आणि बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून लागले. मासळी उतरली की बर्फ हवा, आणि बर्फ हवा तर कॉम्प्रेसर चालायला हवा. कॉम्प्रेसरला मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक आणि दांड्याला कान लावून ते डोळे मिटून उभे राहायचे. पाच मिनिटांनी सांगायचे, तिसऱ्या बेअरिंगकडे दुखता हा. उघडून बघावं तर तिसरंच. घरीही तोच कारभार. मुलाला ताप आला की थर्मामीटर, वेळ, आकडा, सगळं कॅलेंडरवर टिपलेलं. संध्याकाळी यशोदाबाईंबरोबर किनाऱ्यावर फिरायला जायचे, पण चालायचे चार पावलं पुढे. मागे वळून ती येते आहे ना हे बघायचे, आणि परत पुढे. गावी परतल्यानंतरची जवळपास सगळी संध्याकाळची वाट त्यांनी अशी मागे बघत चालून काढली.

आणि त्यांची ती पाटी. कारखान्यात आल्या आल्या त्यांनी पत्रा कापून स्वतः रंगवलेली. नियम साधा. यंत्रात हात घालायचा तर आधी वीज बंद करायची, खटक्याला आपल्या नावाची पाटी लावायची, आणि काम झाल्यावर आपण स्वतःच ती काढायची. दुसऱ्या कुणाला चालू करायची घाई असेल तर त्याने पाटीला हात लावायच्या आधी तीनदा ओरडायचं, हात आत आसा? आतल्या माणसाने उत्तर द्यायचं, हात भायर. उत्तर आलं नाही तर थांबायचं. कितीही वेळ थांबायचं. कारखान्यातली माणसं सुरुवातीला हसली, मग शिकली. साहेबांनी पाटी लावली म्हणजे देवाने दार लावलं, असं बाबली मेस्त म्हणायचा. बाबली तेव्हा त्यांच्या हाताखाली फिटर होता.

त्र्याण्णव सालची नारळी पौर्णिमा होऊन महिना झाला होता. बांगडा भरभरून पडत होता. गुरुप्रसाद बावीस वर्षांचा, नुकता डिप्लोमा झालेला, मुंबईच्या एका मोठ्या कंपनीचं नेमणुकीचं पत्र खिशात. पंधरा दिवसांनी हजर व्हायचं होतं, तोवर बसून काय करणार म्हणून वडिलांनी त्याला कारखान्यात बरोबर घेतला. पत्र तो रोज खिशात घालून यायचा. कशाला, ते विचारू नये; बावीस वर्षांचे असताना सगळेच असे असतात.

त्या दुपारी पट्टा घसरला म्हणून गुरुदास मोठं कॉम्प्रेसर बंद करून आत बसले होते. खटका मधल्या भिंतीच्या अलीकडे, त्याला पाटी. दारात अलीमियाँ उभे होते. त्यांच्या दोन ट्रॉलर धक्क्याला लागलेल्या, मासळी उन्हात, बर्फ नाही, आणि माणूस मुळातच तापट. त्यांनी गुरुप्रसादला विचारलं, तू इंजिनियर झालंस म्हणतत तां खरां काय? मगे चालू कर मां.

गुरुप्रसादला वाटलं, बाबांचं एव्हाना झालंच असेल. पाना खाली ठेवल्याचा आवाज त्याने ऐकला होता. खरं तर त्याला काहीच वाटलं नव्हतं. फक्त अलीमियाँच्या देखत ते यंत्र सुरू करायचं होतं. हाक मारली नाही. उत्तराची वाट बघितली नाही. पाटी काढली आणि खटका वर केला.

गुरुदासांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. ते ओरडलेसुद्धा नाहीत. बाबली ओरडला.

दवाखान्यात कारखान्याचे मॅनेजर आले. सरकारी तपासणी होणार होती, कागद भरायचे होते. त्यांनी विचारलं, तुमची पाटी खटक्यावर नव्हती, असं कसं झालं? गुरुप्रसाद खाटेच्या पायथ्याशी उभा होता. वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर त्याने तिथेच सगळं ओकून टाकलं असतं. पण कॉम्प्रेसरला कान लावल्यावर बघायचे तसं त्यांनी बघितलं, आतलं कुठे दुखतंय ते शोधत. मग मॅनेजरना म्हणाले, "लावायची राहिली. विसरलो."

तसंच कागदावर गेलं; पाटी नाही म्हणून पोराने खटका वर केला, त्यात पोराचा दोष नाही. ठरल्या दिवशी गुरुप्रसाद मुंबईला हजर झाला. इकडे मालकांनी बाहेरून एक तरुण इंजिनियर आणून गुरुदासांच्या वर बसवला आणि निवृत्तीपर्यंतची सात वर्षं त्यांनी त्या पोराच्या हाताखाली काढली. बाबली आणि मंडळी गमतीने विचारायची, साहेब, आज पाटी लावलास मां? ते हसायचे. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंड्याला सलाम करायचे तो तीन बोटांनी. नवी पोरं फिदीफिदी हसायची, मास्तर डोळे वटारायचे.

इथवर म्हणाल तर एका घाबरट मुलाची चूक. पण गुरुप्रसाद एवढ्यावर थांबला नाही. नोकरीत तो सुरक्षेच्या खात्यात गेला, चांगलं नाव काढलं, आणि नव्या कामगारांना शिकवताना एक गोष्ट सांगू लागला. माझे वडील नौदलातले. आयुष्यभर पाटी लावली. एकच दिवस विसरले. गोष्ट रंगायची, पोरं गप्प व्हायची. पुढे पडद्यावर चित्रं दाखवायची सोय झाली, तेव्हा एका मे महिन्यात त्याने वडिलांना म्हटलं, बाबा, तुमच्या हाताचा एक फोटो हवा, शिकवायला उपयोगी पडेल. गुरुदासांनी एकदा त्याच्याकडे बघितलं. मग पडवीत टेबलावर पांढरा पंचा पसरला, त्यावर हात ठेवला आणि विचारलं, "उजेड पुरे हा मां?"

त्याने फोटो काढला. काढला!  वीस वर्षं तो हात पडद्यावर दाखवून त्याने टाळ्या घेतल्या, आणि घरी आला की वडिलांशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. माणूस स्वतःला किती सवय लावू शकतो याला काही मर्यादाच नाही.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर दुपारी चारच्या सुमारास अंगणात खुर्च्या मांडून शोकसभा झाली. शंभरेक माणसं होती. शाळेचे हेडमास्तर बोलले, माजी सैनिकांच्या संघटनेचे एक गृहस्थ बोलले. मग बाबली मेस्त उठला. तोही आता सत्तरीचा. त्याने साहेबांचा स्क्रूड्रायव्हर सांगितला, तापट स्वभावाच्या मालकांना साहेब कसे गप्प करायचे ते सांगितलं, आणि शेवटी पाटीची गोष्ट काढलीच. एवढो मोठो माणूस, पण एक दिस इसारलो, म्हणाला. देव नाय मां, माणूसच तो. लोक हळूच हसले. प्रेमानेच हसले. 

त्यानंतर अक्षया उठली. ही गुरुप्रसादची मुलगी, चोवीस वर्षांची, नुकती नोकरीला लागलेली. आजोबांवर तिने दोन पानं लिहून आणली होती. वाचता वाचता ती म्हणाली, की आजोबांनी आयुष्यात एकच चूक केली, पण ती लपवली नाही. विसरलो म्हणून सगळ्यांसमोर कबूल केलं. चूक कबूल करायला किती धैर्य लागतं ते मी आजोबांकडून शिकले, आणि ती गोष्ट मला माझ्या बाबांनी सांगितली. एवढं म्हणून तिने डोळे पुसले आणि बापाकडे बघितलं. अभिमानाने बघितलं.

 गुरुप्रसादला वाटलं, शिकाऊ पोरांना खोटं सांगणं निराळं. पोटच्या पोरीने ते खोटं उराशी धरून चारचौघांत वाचावं, तेही बाप जाऊन तेरा दिवस झालेले असताना! आता नाही बोललो तर उद्या ही पोर तीच गोष्ट आपल्या मुलांना सांगेल, आणि बाबा कायमचे विसराळू ठरतील. तो उभा राहिला. आभाराचे चार शब्द बोलेल असं समजून लोक सावरून बसले.

बोलला तो हापिसच्या मराठीत. म्हणाला, "सदर घटनेबाबत एक खुलासा करायचा आहे. त्या दिवशी पाटी लावलेली होती. माझ्याकडून ती अनवधानाने निघाली आणि यंत्र सुरू झालं. चूक बाबांची नव्हती." ऐका त्याचे शब्द. पाटी निघाली. यंत्र सुरू झालं. जणू याने काही केलंच नाही, आपोआप घडत गेलं.

 हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. ते म्हणाले, बघा, मुलगा असावा तर असा. बापाच्या माघारी बापाची चूक स्वतःच्या अंगावर घेतोय. बाबलीने डोळ्यांना टॉवेल लावला आणि म्हणाला, मी थंयच होतंय, बाबू, खटक्यार पाटी नव्हती, मी माझ्या डोळ्यांनी बघलंय. पण तुझां मन मोठां. कुणीतरी टाळी वाजवली. शोकसभेत टाळी वाजवत नाहीत हे आठवून त्याने ती अर्ध्यावर थांबवली.

आणि गुरुप्रसाद काय करतो? त्याला हायसं वाटलं. खरं बोलूनही झालं होतं आणि अब्रूही शाबूत होती, उलट चार बोटं वाढली होती. तो खाली बसला. खुर्चीला पाठ टेकली तेव्हा आपण काय केलं हे त्याला समजलं, आणि तरी तो उठला नाही.

मागच्या ओळीत अलीमियाँ बसले होते. ऐंशी उलटलेली, दोन्ही गुडघे गेलेले, झैद नावाच्या नातवाने गाडीतून आणलेलं. ते काठीवर भार देत उठले. लोकांना वाटलं, निघाले. पण ते तिथूनच म्हणाले, "बाबू, पाटी खटक्यार नव्हती म्हणता बाबली, तां खरां. मगे काढलेली पाटी खंय गेली, तां तू सांगूक नाय."

सगळ्या माना गुरुप्रसादकडे वळल्या. त्याने यशोदाबाईंकडे बघितलं. त्या दारात बसल्या होत्या आणि पदराच्या टोकाची घडी घालत होत्या. अक्षयाच्या हातात अजून ती दोन पानं होती. हे उत्तर बत्तीस वर्षांत त्याने स्वतःलाही दिलं नव्हतं. रात्री आठवण आली तरी खटका वर करण्यापर्यंत येऊन तो कूस बदलायचा.

तो उभा राहिला. या वेळी हापिसची मराठी त्याला सुचली नाही.

"मिठाच्या गोणयांच्या पाठीमागे टाकलंय," तो म्हणाला. "बाबली बाबांका धरूक धावलो, तेवा पाटी माझ्या हातात होती. बाबा रगतान भरलेले, आणि मी तेंच्याकडे नाय गेलंय. आधी गोणयांकडे गेलंय. पाटी लपयलंय, आणि मगे बाबांकडे गेलंय."

बाबलीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. बर्फाच्या टाकीसाठी मीठ लागतं, त्या गोण्या कुठे रचलेल्या असायच्या हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गोण्या कॉम्प्रेसरच्या उलट बाजूला होत्या. म्हणजे बाप तडफडत असताना पोरगा आधी दुसरीकडे चालत गेला होता, मोजून पंधरा-वीस पावलं. बाबली हे मनात मोजतोय हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"बाबा परत कामार गेले तेवा गोणयो हलयताना तेंकाच ती गावली आसतली, मगे माका ती तेंच्याकडेच दिसली," गुरुप्रसाद म्हणाला. "तेंका समाजलां. माका कधी काय बोलले नाय."

 कुणी शिव्या दिल्या असत्या तरी त्याला बरं वाटलं असतं. संघटनेच्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं. हेडमास्तर चष्मा पुसत राहिले. मग एकेक जण उठला, यशोदाबाईंना लांबून नमस्कार केला, चपला शोधल्या. गुरुप्रसाद फाटकाशी हात जोडून उभा होता, पण माणसं त्याच्या बाजूने जाताना नेमकी एकमेकांशी बोलायला लागायची. अलीमियाँ तेवढे त्याच्यापाशी थांबले. मी तुका त्या दिसा घाई केलंय, तां माझ्यार आसा, म्हणाले, आणि नातवाचा हात धरून गाडीकडे गेले.

अक्षया पडवीच्या पायरीवर बसली होती. त्याने जवळ जाऊन तिचं नाव घेतलं. तिने विचारलं, आजोबांच्या हाताचा तो फोटो कशासाठी ते तुम्ही त्यांना सांगून काढलात? तो हो म्हणाला. तिने कागदांची घडी केली, उठली आणि आत गेली.

आत तेराव्याचे टोप, पराती, डेगी खरकट्या पडल्या होत्या आणि पाण्याचा थेंब नव्हता. यशोदाबाई एकट्याच राख घेऊन बसल्या होत्या. गुरुप्रसाद त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याने विचारलं, "आये, तुका म्हायत होतां?"

"माका कोणी सांगूक नाय," त्या म्हणाल्या. "पण तुझो बापूस पाटी इसरणारो माणूस न्हय, इतकां माका कळना नाय?" त्यांनी एक टोप घासून बाजूला ठेवला. "दर मे म्हयन्यात तू येवच्या आदल्या दिसा तो ती पाटी पुसून पडवीत खिळ्याक लावी. तू येतलंस, बघतलंस, कायतरी बोलतलंस, म्हणान. तू गेलंस की परत काढून पेटयेत ठेयी."

गुरुप्रसादला ती खिळ्यावरची पाटी आठवली. दर वर्षी. कोरी करकरीत, दाराच्या बरोबर समोर. वडील तिच्याखाली खुर्ची टाकून बसलेले असायचे आणि तो आल्या आल्या विचारायचा, काय बाबा, आंबा कसा काय यंदा? ते सांगायचे, बरो आसा.

त्याने डोकं गुडघ्यांत घातलं. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तिचे हात राखेचे होते.

मग तो उठून विहिरीवर गेला. पंप तसाच उघडा होता. करवंटीत चार बोल्ट, त्यांना हलकं तेल लावून ठेवलेलं. शेजारी जुन्या ट्यूबमधून कापलेलं नवं वायसर, कड नीट घासलेली. तीन बोटांच्या हाताने ते एवढं गोल कसं कापलं असेल, कोण जाणे. त्याने वायसर बसवलं, बोल्ट आवळले, दोनदा तपासले. दहा मिनिटंही लागली नाहीत.

तो पडवीत आला आणि तेरा दिवसांत पहिल्यांदा त्या पाटीसमोर उभा राहिला. वरचा लाल रंग नवा होता, गेल्या एक-दोन वर्षांतला. अक्षरंही पुन्हा गिरवलेली, थोडी वाकडी. हात वर गेला आणि थांबला.

"बाबा, हात आत आसा?" त्याने हाक मारली.

स्वयंपाकघरातला घासायचा आवाज बंद झाला.

त्याने दुसऱ्यांदा विचारलं. आतल्या खोल्यांतून जावई, भाचे, बहिणी दारापर्यंत आल्या आणि तिथेच राहिल्या. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. मग तो थांबला. हजारो कामगारांना त्याने हेच शिकवलं होतं, उत्तर आलं नाही तर थांबा, कितीही वेळ थांबा. शिकवताना नियम कुणाचा ते कधी सांगितलं नव्हतं. समोरची खुर्ची रिकामी होती. बाहेर माडांवर वारा होता. तो इतका वेळ उभा राहिला की एका भाच्याने अवघडून पाय बदलला.

यशोदाबाई राखेचे हात अधांतरी धरून बाहेर आल्या. "गावलां उत्तर?" त्यांनी विचारलं.

"नाय."

"मगे ऱ्हवांदे ती थंयच," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गुरुप्रसाद विहिरीवर गेला. कळशीला फास घातला आणि दोरी सोडली. पहिली कळशी वर येताना कठड्याला आपटून अर्धी सांडली, पुढच्या नीट आल्या. तेरा दिवस ज्या घरात दोरी एकाच्या हातातून दुसऱ्याने मागून घेतली होती, त्या घरात त्या संध्याकाळी त्याने एकट्याने तेराव्याच्या सगळ्या भांड्यांचं पाणी ओढलं. जावई, भाचे पडवीत उभे होते. दोरी घ्यायला कुणी पुढे आलं नाही.